रविवारच्या कप्प्यातली भिंगं

एकतीस वर्षांत मी उघडलेली एकही लेन्स तक्रार घेऊन परत आलेली नाही. एकही नाही! आणि काम संपल्यावर माझ्या टेबलावर कधी एक स्क्रू उरलेला नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवलंय, की 'एकतीस' हा शब्द कानावर पडला की बायको उठून आत जाते. तुम्ही मात्र बसा. तुम्ही उठून कुठे जाणार?

माझा धंदा जुने कॅमेरे दुरुस्त करण्याचा. म्हणजे डोळ्याला एक भिंग लावून दुसऱ्या भिंगांवरची बुरशी पुसत बसायचं. मला या सगळ्याचा आता कंटाळा आलाय, हे आधीच सांगून टाकतो. पाठ धरते. डोळे चार वाजताच संपावर जातात. त्यात गटाराच्या कामासाठी दुकानासमोर हा एवढा चर खणून ठेवलाय. गिऱ्हाइकाला फळीवरून तोल सांभाळत यावं लागतं, आणि बाहेर मशीन धडधडायला लागलं की माझ्या टेबलावरचे स्क्रू आपापले चालायला लागतात. म्हणून बारीक काम मी महिनाभर घरी, जेवणाच्या टेबलावर करत होतो. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

गुरुवारी फळीवरून एक बाई आल्या. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. फळीवर मध्येच थांबून त्यांनी चराची खोली किती असेल याचा अंदाज घेतला, चेहऱ्यावर नापसंती आणली, मग आत येऊन पर्समधून एक लोकरी पायमोजा काढला. मोज्यातून लेन्स निघाली.

मी खुर्चीतून उठलो! हल्ली मी सहसा कशासाठीही उठत नाही.

रेंजफाइंडर कॅमेऱ्याची वाइड अँगल लेन्स होती ती. आकाराने औषधाच्या बाटलीच्या बुचाएवढी, पण मागचा काचेचा भाग एवढा लांब की कॅमेऱ्याच्या पोटात पार आतपर्यंत जातो. अशा लेन्स मुळात थोड्याच निघाल्या, आणि निघाल्या त्याही कोणाकोणाच्या कपाटात हरवल्या. मी अशी लेन्स याआधी एकदाच पाहिली होती, नुकता शिकायला लागलो होतो तेव्हा, माझ्या उस्तादांच्या टेबलावर. ती कोणाची होती, पुढे तिचं काय झालं, काही आठवत नव्हतं.

"आमच्या ह्यांची आहे," बाई म्हणाल्या. "ते जाऊन नऊ वर्षं झाली. आत बुरशी धरलीय. शनिवारपर्यंत साफ करून द्या."

"शनिवारपर्यंत? बाई, अशा लेन्सला महिना लागतो."

"माझ्याकडे महिना नाही. बुधवारी मी खोलीची किल्ली देऊन टाकणार आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अकरा फूट लांब आणि नऊ फूट रुंद अशा एकाच खोलीत त्यांचा सगळा संसार झाला. सासूबाई, दोन नणंदा, मुलं, सगळे तिथेच. एकदा ह्यांनी खिडकीच्या कोपऱ्यात उभं राहून, याच लेन्सने, त्या खोलीत घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढला. तो अजून भिंतीवर आहे. आता खोली सुटणार, माणसं चार दिशांना जाणार. म्हणून रविवारी सगळे अकराजण जमणार होते. तीच खोली, तोच कोपरा, तसाच फोटो.

"दुसऱ्या लेन्सने नाही का चालणार?" मी सहज विचारलं.

"दुसऱ्या लेन्समध्ये सातजण मावतात. उरलेल्या चौघांची नावं तुम्ही सांगा, त्यांना मी कळवते."

मी लेन्स ठेवून घेतली.

शुक्रवारी सकाळी घरी, जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि कामाला लागलो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. जो भाग पहिला निघेल तो डावीकडे, त्याच्या उजवीकडे दुसरा, मग तिसरा. ज्या तोंडाने निघाला त्याच तोंडाने ठेवायचा. परत जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं, डोकं चालवायचं कारणच नाही. उघडताना लक्षात आलं की आधी कोणीतरी हिच्यात हात घातलेला आहे. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या, एक कडं तिरपं आवळलेलं.

"कोणत्या गाढवाने उघडली होती कोण जाणे!" मी मोठ्यांदा म्हणालो.

"कोणतं गाढव?" माझ्या सासूबाईंनी खिडकीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

सासूबाई आमच्याकडेच असतात. आयुष्यभर त्यांनी एका मोठ्या कापड दुकानात बटणांचा काउंटर सांभाळला. चार भोकांची, दोन भोकांची, शिंपल्याची, काचेची. त्यांच्या डोक्यात सगळ्या जगाचे कप्पे केलेले आहेत.

"आहे एक गाढव, आई. तुम्ही नका लक्ष देऊ."

बावीस भाग एका ओळीत मांडून झाले, आणि मोरीतून बायकोची हाक आली. नळाची चकती गेली होती आणि पाणी छताच्या दिशेने निघालं होतं. तो नळ आटोक्यात आणायला मला अर्धा तास लागला. बाहेर आलो तर बायको ऑफिसला गेलेली, मी नखशिखांत भिजलेला, आणि टेबल स्वच्छ. फडकं घडी घालून ठेवलेलं!

"आई, इथे माझं सामान होतं..."

"किती पसारा पडला होता हो! लावून ठेवला."

"तो पसारा नव्हता, आई! तो क्रम होता!"

"असा कुठे क्रम असतो? मोठ्याशेजारी बारकं, बारक्याशेजारी पुन्हा मोठं. मी काउंटरवर असा क्रम लावला असता तर मालकांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

त्यांनी माझी गोळ्यांची डबी पुढे केली. सात वारांचे सात कप्पे असलेली. सोमवारात सगळ्यात बारके स्क्रू. मंगळवारात त्याहून मोठे. बुधवार ते शनिवार कडी, चढत्या आकाराने. आणि रविवारात भिंगं! सहाच्या सहा, एकावर एक!

मी रविवारचा कप्पा उजेडात धरला.

"मध्ये कापूस घातलाय," सासूबाई जरा दुखावून म्हणाल्या. "काचेचं बटण कसं ठेवायचं ते मला शिकवू नका."

"आणि माझ्या गोळ्या?"

"वाटीत आहेत. पांढऱ्या एकीकडे, पिवळ्या एकीकडे."

रक्तदाबाची गोळी मला तेव्हाच हवी होती, पण ते राहू दे. मी भाग मोजले. एकवीस. परत मोजले. एकवीसच!

"आई, एक पितळी कडं होतं. अगदी पातळ, नखाएवढं."

"ते होय! काय सुबक होतं हो. हिच्या पर्सच्या आकड्याला कडी नव्हती ना, कधीची म्हणत होती. लावून दिली. चांगले आठ टाके घालून दिली, तुटायची नाही."

"आणि पर्स?"

"तिच्या खांद्याला. ती गेली की ऑफिसला."

ते कडं म्हणजे दोन भिंगांमधलं अंतर. ते नसेल तर बाकीचे एकवीस भाग खरोखरच बटणं म्हणून वापरायला हरकत नव्हती. मी ओल्या कपड्यांनिशी, शिवणाच्या डब्यातली कात्री उचलून निघालो. मुद्दाम सांगतो, कात्री उचलताना मी फार विचार केला नव्हता.

बायको वीज कार्यालयात आहे, तक्रारींच्या खिडकीवर. खिडकीपुढे रांग. मी रांग सोडून पुढे जायला लागलो तर सगळ्यांनी मिळून मला मागे पाठवलं. पुढचा गृहस्थ आपलं वीजबिल कसं चुकलंय ते मला सांगू लागला. मग त्याने विचारलं, "तुमची काय तक्रार?"

"बायकोच्या पर्सला कडी आहे. ती कापून न्यायचीय."

तो रांगेत माझ्या मागे जाऊन उभा राहिला.

"पुढचे!" बायको मान वर न करता म्हणाली.

"पर्स दे!" मी म्हणालो आणि कात्री पुढे केली.

आता सांगा, यात माझं काय चुकलं? मागे एक बाई किंचाळल्या. कोणीतरी म्हणालं, "दिवसाढवळ्या!" वॉचमनने मला मागून असं काही आवळलं, की पाठीत जे सहा महिने अडकलं होतं ते तरी सुटलं. बायकोने मान वर केली. भिजलेला नवरा, हातात कात्री, गळ्यात वॉचमन. तिने बराच वेळ पाहिलं.

"सोडा त्यांना," शेवटी ती थकून म्हणाली. "ओळखीचे आहेत."

ओळखीचे! सव्वीस वर्षांचा संसार, आणि ओळखीचे!

कडं मिळालं. पण क्रम गेला तो गेलाच. सहा भिंगं, प्रत्येकाला दोन तोंडं. त्यातली दोन तर इतकी सारखी की जुळ्या भावंडांनीही लाजावं. शनिवारी उजाडल्यापासून मी खिडकीत बसलो. भिंगं बसवायची, मागे पातळ कागद धरायचा, त्यावर समोरच्या इमारतीचं चित्र कसं पडतंय ते बघायचं. नाही जमलं? काढा. फिरवा. पुन्हा बसवा. एकदा इमारत वाकडी आली, एकदा धुक्यात गेली, एकदा आलीच नाही. सासूबाई अधूनमधून "रविवारातलं घेतलंत का?" असं विचारून मदत करत होत्या. दुपारी तीनला, सतराव्या खेपेला, कागदावर समोरच्या गच्चीतली दोरी उमटली. दोरीवरचे कपडे, कपड्यांवरचे चिमटे, अगदी कडेच्या चिमट्याची स्प्रिंगसुद्धा! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं लख्ख.

इतकी सुंदर लेन्स मी जन्मात जोडली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाचं, बरंचसं ताणाचं.

रविवारी यजमानांच्या जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढायलाही बाईंनी मलाच उभं केलं. खिडकीच्या कोपऱ्यात, एक पाय स्टुलावर, पाठ भिंतीला घासत. समोर अकरा माणसं. मोठ्या नणंदबाई एका टोकाला, धाकट्या दुसऱ्या टोकाला, कारण दोघींचं शेजारी शेजारी उभं राहण्याइतकं सध्या बरं नव्हतं. मधोमध बाई. या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायची सोयच नसते; वर एक छोटी खिडकी बसवायची आणि तिच्यातून बघायचं. लेन्सने आत काय करून ठेवलंय ते फोटो धुऊन आल्यावरच कळतं. मी बिनघोर होतो. बारा वेळा बटण दाबलं आणि घरी येऊन झोपलो.

सोमवारी दुपारी फोटो दिले. तासाभरात फळी वाजली. बाई एकट्याच आत आल्या. दोन्ही नणंदा चराच्या पलीकडे थांबल्या, कारण फळीवर त्यांचा विश्वास नव्हता.

बाईंनी फोटो टेबलावर ठेवला. "ही माझी लेन्स नाही."

"काय?"

"तुम्ही लेन्स बदललीत."

एकतीस वर्षं! मी लेन्सवरचा नंबर दाखवला, तो त्यांच्या जुन्या पावतीशी जुळत होता. ती पावती त्यांनी पस्तीस वर्षं जपून ठेवलेली, तीही मोज्यातच. बाईंनी नंबर तीनदा वाचला.

"मग हे काय आहे?" त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

मी पाहिलं. फोटो अप्रतिम होता! भिंतीवरची ओल दिसत होती. पंख्याची तुटकी वायर दिसत होती. बाईंच्या जावयांनी केसांना लावलेला रंग कुठे संपतो ते दिसत होतं. आणि दोन टोकांना दोन नणंदा. मोठ्या प्रत्यक्षात चांगल्या सडपातळ आहेत, पण वाइड अँगल लेन्स कडेचं माणूस ताणते, त्यामुळे त्या कपाटाएवढ्या आल्या होत्या. धाकट्या दुसऱ्या टोकाला दातओठ खात होत्या. प्रत्येक दात, प्रत्येक ओठ, स्पष्ट.

"विचारलंस का गं?" चरापलीकडून मोठ्या ओरडल्या.

"विचारतेय!" बाई ओरडल्या, आणि त्यांनी जुना फोटो काढला.

पाहिल्याबरोबर मला कळलं. मधलं सगळं ठीक, पण कडेला चित्र विरघळल्यासारखं मऊ. पुढचं भिंग उलटं बसलं की असं होतं.

"बाई, हा तर दोष आहे! तेव्हा कोणी गाढवाने भिंग उलटं बसवलं होतं. मी आता नीट केलं!"

"तुम्हाला नीट करायला कोणी सांगितलं होतं? मी साफ करायला सांगितलं होतं."

बाई स्टुलावर बसल्या. बाहेर मशीन धडधडायला लागलं आणि टेबलावरचा एक स्क्रू हळूहळू त्यांच्या दिशेने निघाला.

"तेव्हा ह्यांनी लेन्स दुकानात साफ करायला दिली होती, आणि लगेच हा फोटो काढला," त्या म्हणाल्या. "फोटो बघून हे असे संतापले! म्हणाले, त्या दुकानदाराला जाऊन जाब विचारतो. मी म्हटलं, थांबा. या कडेला तुमची आई बघा. चार वर्षं मी त्यांच्यासोबत अकरा फुटांत काढली होती, त्यांचा चेहरा एवढा मऊ मी कधी पाहिला नव्हता. म्हटलं, जाऊ नका, फोटो भिंतीवर लावा. लावला. आणि खरं सांगू? रोज तो बघून बघून मला त्या हळूहळू तशाच दिसायला लागल्या. शेवटची दहा वर्षं आम्ही दोघी छान राहिलो."

मी जुन्या फोटोची ती कड पुन्हा पाहिली.

"आता या दोघी कडेला आहेत. बुधवारनंतर आम्ही एकमेकींच्या घरी कितीशा जाणार? फोटोतच भेटणार. मला त्या अशा दिसायला नकोत हो. भांडण माझ्या लक्षात आहेच, ते भिंतीवर कशाला?" त्या उठल्या. "जशी होती तशी करून द्या. उद्या सगळ्यांना परत बोलावते."

"काय म्हणतो तो?" चरापलीकडून.

"बिघडवून देतो म्हणतोय!" बाई ओरडल्या.

भर बाजारात! समोरच्या चष्मेवाल्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी शटर अर्धं खाली ओढलं.

घरी येऊन लेन्स पुन्हा उघडली. या वेळी, कोणाला सांगू नका, भाग ठेवायला मी गुपचूप ती गोळ्यांचीच डबी घेतली. सोयीची आहे. पुढचं भिंग काढलं, त्याखालच्या कड्यावर जुनं काळं वंगण साचलं होतं. गेल्या वेळी घाईत तसंच राहिलं होतं. स्पिरिटने पुसलं. खाली सुईने कोरलेली खूण होती. तीन ठिपके, आणि शेजारी साल.

आमच्या उस्तादांचा नियम होता, की जो लेन्स जोडेल त्याने आत आपली खूण कोरायची, म्हणजे पुढे कोणाला शिव्या द्यायच्या ते कळतं. तीन ठिपके माझे. साल एकतीस वर्षांपूर्वीचं.

मग सगळं आठवलं. उस्तादांची दाढ दुखत होती. ते दातांच्या डॉक्टरकडे निघाले आणि जाता जाता म्हणाले, "ती बुचाएवढी आहे ना, ती बसवून टाक." मला कामाला लागून तीन महिने झाले होते. मी बसवून टाकली. लेन्सचा मालक येऊन घेऊन गेला, आणि तक्रार घेऊन परत आलाच नाही. तिथूनच माझी मोजणी सुरू झाली होती!

एका बाईने नवऱ्याला दारातून मागे वळवलं, म्हणून माझी एकतीस वर्षं बिनतक्रारीची! लाज वाटली. आणि, का कोणास ठाऊक, तेव्हाच्या त्या शिकाऊ पोराबद्दल जरा बरंही वाटलं.

भिंग उलटं बसवायचं तर आता तेही अवघड. हात वळेना. शेवटी डोळे मिटले, तीन महिन्यांचा शिकाऊ झालो, आणि न बघता बसवून टाकलं. पहिल्या खेपेला जमलं.

मंगळवारी पुन्हा अकरा माणसं, पुन्हा स्टूल. बुधवारी सकाळी फोटो घेऊन गेलो, तेव्हा खोली रिकामी झाली होती. भिंतीवर फक्त जुन्या फोटोचा चौकोन. बाईंनी फोटो उजेडात धरला. मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, "हं, आता मी माझ्यासारखी दिसते." धाकट्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, तू अगदी आईसारखी दिसतेस गं." मग मोठ्यांनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंनी डोळे पुसले. "अहो, त्या वेळच्या माणसाचा हात तुम्हाला इतका हुबेहूब कसा जमला?"

सांगून टाकावं असं फार वाटलं.

"सवय," मी म्हणालो.

"पुन्हा कोणी ही उघडायची नाही, असं लिहून द्या." मी लिहून दिलं. खाली सही केली, आणि चुकून सहीखाली तीन ठिपकेही दिले.

रात्री जेवताना सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या विचारात पडल्या.

"म्हणजे तुम्ही ते उलटं लावलं होतंत. आणि मी सगळं उचलून ठेवलं, म्हणून मधले दोन दिवस ते सुलट झालं."

"हो."

"मग पुढच्या वेळी आधीच मला हाक मारत जा."

मी बायकोकडे वळलो. "बघ, एकतीस वर्षांत एकच तक्रार आली, आणि तीही लेन्स नीट जोडल्याची!" पण ती 'एकतीस'लाच उठून आत गेली होती.

मग गोळी घ्यायची वेळ झाली. सासूबाईंनी माझ्या गोळ्या पुन्हा वारांप्रमाणे भरून दिल्या होत्या. बुधवारचा कप्पा उघडला, तळहातावर उपडा केला. एक पांढरी गोळी पडली. आणि तिच्याशेजारी, कोणत्याही टेबलावर कधीही न उरलेला, एक बारका स्क्रू.